भिजवलेली तूर

दिग्रस, १९ एप्रिल, शनिवार

कुंदा,

वर 'अनेक आशीर्वाद' लिहिणार होती, पण हात वळला नाही. दिवाळीपासून तू माहा नंबर बंद करून ठेवला. शेजारणीच्या फोनवरून लावला त माहा आवाज ऐकला अन् ठेवून देलं. म्हणून हे चिठ्ठी फुलचंदजवळ देऊन राह्यली. त्याची यवतमाळची गाडी लोहाऱ्याच्या थांब्यावर थांबतेच, अन् तुहं पार्लर त्याले माहीत आहे. कंडक्टर माणूस, तोंडाचा मोकळा आहे, पण चिकटवलेलं पाकीट फोडणार नाही.

आता सरळ विचारते. प्रेरणाच्या तोंडाले तू काय लावलं?

मागच्या शनिवारी ती लग्नाच्या बांगड्या घ्यायले म्हणून यवतमाळले गेलती. मी म्हटलं जाऊ दे, आता किती दिवस राह्यली माहेरी. गाडीतून उतरली तेव्हा तोंडाले ओढणी होती, पण या उन्हात सगळ्याच पोरी बांधतात, म्हणून मी काही म्हटलं नाही. गुरुवारी सकाळी पाह्यलं त दोन्ही गाल ताणलेले अन् चमकून राह्यले, तेल लावल्यासारखे. शुक्रवारी पापुद्रे सुटायले लागले. आज डाव्या गालावर लालभडक चट्टा आहे, रुपयापेक्षा मोठा, अन् त्यातून पाणी येऊन राह्यलं. विचारलं त रडते. "मावशीकडं गेलती काय?" म्हटलं, त मान खाली घालून "हाव" म्हणे. मग अजून काय विचारू?

मी घरी काहीच केलं नाही. थोडी साय लावली, एवढंच.

दोन वर्षं पोरगी तुह्याकडं शिकायले ठेवली. कॉलेजात किती गेली ते देवाले माहीत, पण भुवया कोरायले अन् लोकाइच्या तोंडाले लेप लावायले बरोबर शिकली. दिवाळीत मी तिले परत आणायले आली तेव्हा तू दारात उभी राहून काय म्हटलं ते मी विसरली नाही. "ताई, पोरगी तुही असन, पण तिचं मन माह्याजवळ आहे." असं कोणी सख्ख्या बहिणीले बोलते काय? मी तेव्हा काही बोलली नाही कारण गाडी सुटून राह्यलती. आता बोलते. तिचं मन तुह्याजवळ आहे ना, मग तिच्या तोंडाचं हे काय करून ठेवलं?

तीस तारखेले, अक्षय तृतीयेले, लग्न आहे. एकोणतीसले वणीहून नवरदेवाची, अमरची, उष्टी हळद येईन. तुले पत्रिका धाडली होती, तू आली नाही त नको येऊ. फक्त एवढं सांग, काय लावलं होतं अन् ते उतरवायचं कसं. फुलचंद सोमवारी परत येते, त्याच्याजवळ दे.

विमल


दिग्रस, २१ एप्रिल, सोमवार

कुंदा,

फुलचंदनं तुही चिठ्ठी आणून देली. उघडली त तीन ओळी. "मी काही लावलं नाही. ती आलती, लग्न तोंडावर आहे म्हणून मी नाही म्हटलं. तिनं दुसरीकडून बाटली आणली असन, ते शोध, अन् ताई, तोंडाले काही चोळू नको." खाली नावही नाही. वाण्याले सामान सांगतात तेव्हाही माणूस याच्यापेक्षा जास्त लिहिते.

राग आला, पण बाटली शोधली. तुरीच्या कोठीमागं सापडली, पोलक्याच्या चिंधीत गुंडाळून. एवढीशी बाटली, बोटभर, त्याच्यावर सगळं इंग्रजी. प्रेरणाले समोर बसवलं अन् म्हटलं वाच. तिनं वाचलं. तीस टक्के अॅसिड म्हणे. मी म्हटलं अॅसिड म्हणजे ते संडास धुवायचं? तर म्हणे नाही आई, हे उसाचं असते. उसाचं अॅसिड मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. दहा मिनिटाच्या वर ठेवू नका असं त्याच्यावर लिहिलं आहे, तेही तिनंच वाचून दाखवलं. अन् ठेवलं किती? बुधवारी मी सिरीयल पाहून राह्यलती, ती आतल्या खोलीत. सिरीयल सुरू झाली तेव्हा लावलं अन् संपली तेव्हा धुतलं.

"जळत नव्हतं काय व तुले?" म्हटलं.

"जळत होतं. पण तूच म्हणते ना, झोंबलं म्हणजे मळ निघून राह्यला."

कुंदा, हे मी म्हणते. खरंच म्हणते. आपली माय न्हाणीच्या दगडावर बसवून आपल्याले घासायची तेव्हा हेच म्हणायची, अन् तू पळायची म्हणून तुले पायात दाबून धरायची. मी प्रेरणाले तसंच घासलं. पोरीची आंगोळ झाली अन् हाताले मळाच्या वळ्या लागल्या नाही त मले आंगोळ घातल्यासारखंच वाटत नाही.

बाटली काहून मागवली तेही ऐक. साखरपुड्याले अमरची आत्या आलती, मथुराबाई. वणीच्या त्या घरात तिच्या शब्दाच्या बाहेर कोणी नाही. तिनं प्रेरणाची हनुवटी धरून तोंड उजेडाकडं फिरवलं, बाजारात वांगं पाहतात तसं, अन् म्हणे, "पोरगी गुणाची आहे, पण गालावरचे हे फोडाचे डाग लग्नापर्यंत साफ करून ठेवजा." सगळे हसले. मीही हसली. मले वाटलं बाई थट्टा करते. पोरीनं ते मनात धरलं. आधी तुह्याकडं आली, तू नाही म्हटलं, मग फोनवरून मागवलं. मैत्रिणीच्या घरी पार्सल आलं, मले पत्ताही नाही.

म्हणजे तू लावलं नाही. हे मान्य.

अन् आता मी जे लिहिते ते वाचून लगेच चिठ्ठी फेकू नको. साय लावली असं मी तुले लिहिलं होतं. साय नव्हती. शुक्रवारी तिच्या गालावर पापुद्रे दिसले त मले वाटलं, इतक्या दिवसाचा मळ सुटून राह्यला, चांगलं झालं, आता काढूनच टाकावा. मसुराचं पीठ घेतलं, जाडंच होतं, त्यात हळद अन् अर्धं लिंबू पिळलं, अन् घासलं. ती ओरडली त म्हटलं लग्नाची पोरगी अन् एवढ्याशाले ओरडते. आणखी घासलं. लाल चट्टा त्याच्यानंतर उठला. बुधवारी नाही, गुरुवारी नाही.

तू 'चोळू नको' काहून लिहिलं, तुले कसं समजलं, ते मले सांग. अन् नीट सांग, तीन ओळीत नाही.

विमल


दिग्रस, २४ एप्रिल, गुरुवार

कुंदा,

चार पानं आली. फुलचंद म्हणे, "मावशीनं दोन गाड्या सोडून लिहिलं, मी थांब्यावर पाणी पेत बसलो." हे तो थट्टेनं सांगते, गाडी काही कोणासाठी थांबत नाही. पण तू गिऱ्हाईक बसवून ठेवून लिहिलं असन, एवढं मले समजते.

दोनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला, काहून की तू मले पोरीसारखं समजावून राह्यली. दुसऱ्यांदा शांतपणे वाचलं.

तू लिहिलं की वरची मेलेली कातडी काढायचे दोन रस्ते आहेत. एक घासून, आपलं उटणं, पीठ, साखर, टाचेले वजरी, अन् तुह्या दुकानातला तो दाणेदार स्क्रब. दुसरा अॅसिडचा, ते घासत नाही, दोन कातड्यांच्या मधला चिकटा सोडवते, मग वरची आपोआप सुटते. दह्यातही तसलं एक असते, पण कमजोर, म्हणून माय दही लावायची तेव्हा कोणाले काही झालं नाही. पपईत आणखी तिसरंच काही असते असं तू लिहिलं. अन् फोडावाल्या, तेलकट तोंडाले वेगळं अॅसिड, कोरड्याले वेगळं. मी म्हटलं बाप्पा, एका तोंडाले एवढं शास्त्र.

पण ते मले समजलं कसं ते सांगते, हसू नको. आपण घरी तुरीची डाळ करतो ना, तिचंही असंच आहे. तूर भिजवली की टरफल ढिलं होते. मग ते उन्हात चांगली वाळू द्या लागते, कडक झाली की मग जात्यात भरडायची. अन् नाही भिजवली, नुसता तेलाचा हात लावला, तरी वाळवून जात्यातून काढता येते. पण भिजवलेली ओली तूर कोणी तशीच जात्यात टाकली त डाळ होत नाही, लगदा होते. पोरीनं बुधवारी भिजवलं अन् मी शुक्रवारी जातं फिरवलं.

तू लिहिलं नाही, पण मले तेच वाचता आलं. मेलेली कातडी निघाल्यावर खालची कोवळी होती, अन् मी तिले मळ समजली. बरं, एक विचारते. तू एवढी शिकलेली, तुले त्या शनिवारी पोरीच्या तोंडाकडं पाहून समजलं नाही की हे गप्प बसणार नाही? मले एक निरोप धाडता आला असता. "ताई, पोरीच्या डोक्यात असं असं आहे." तू नाही धाडला, कारण तू माह्यावर रुसली होती. हे लिहून ठेवते, कारण सगळं माह्याच माथी येऊन राह्यलं.

तू सांगतलं तसं सुरू केलं. तोंडाले नुसतं पाणी, मग व्हॅसलीन. पीठ नाही, साबण नाही, ऊन नाही. खिडकीले जुनी चादर लावली. प्रेरणाच्या बाबाले समजलं त ते म्हणे, "तोंड आहे का लोणचं, अंधारात ठेवून राह्यली?" पण चट्टा पाह्यला अन् चप्पल घालून निघाले. तुहे भाऊजी अशा वेळेले वावरात निघून जातात, तुले माहीत आहे. आता वावरात काही काम नाही, तरी जातात.

अन् तू सहजच लिहिलं, "हळद तोंडाले लावायची नाही, चार दिवस नाही, महिनाभर नाही." कुंदा, तू यवतमाळात राहून विसरली काय? नवरदेवाची उष्टी हळद येते, त्याच्या अंगाले लागलेली, अन् ते नवरीच्या तोंडाले लागल्याशिवाय लग्न पुढं सरकत नाही. ते मथुराबाईच्या हातानं येईन. मी तिले काय सांगू, उसाचं अॅसिड?

तूच सांग काय करू.

विमल


दिग्रस, २७ एप्रिल, रविवार

कुंदा,

तू लिहिलं डॉक्टरले दाखव, म्हणून काल प्रेरणाले घेऊन यवतमाळले आलती. सकाळची गाडी होती, फुलचंदचीच. लोहाऱ्याच्या थांब्यावर गाडी थांबली, तुहं पार्लर खिडकीतूनच दिसते, शटर अर्धं वर होतं. प्रेरणा माह्याकडं पाहून राह्यली. मी म्हटलं, डॉक्टरचा नंबर निघून जाईन. उतरली नाही. परत येतानाही उतरली नाही. फुलचंदनं घंटी वाजवायले उशीर केला, मुद्दाम केला असन, तरी नाही उतरली.

कातडीच्या डॉक्टरीण बाई तरुण आहे, बोलायले कडक. चट्टा पाह्यला अन् विचारलं, "अॅसिडनं एवढं होत नाही. वरून कोणी चोळलं?"

मी म्हटलं, "तिनंच चोळलं."

प्रेरणानं माह्याकडं पाह्यलं, अन् डॉक्टरीण बाईले म्हणे, "हाव, मीच." मग बाईनं तिले दहा मिनिट झापलं. पोरगी खाली मान घालून ऐकत बसली अन् मी बाजूले पिशवी धरून बसली. आपल्या सावळ्या कातडीले भाजलं, खरचटलं की जागा काळी पडते, गोऱ्यापेक्षा जास्त पडते, असं बाई म्हणे. पण हात लावला नाही, खपली आपोआप पडू देली, ऊन टाळलं, त सहा-आठ महिन्यात बरंच जाईन. खपली ओढली त खड्डा राहीन. डाव्या गालाचं खास सांगतलं. लावायले मलम देलं अन् उन्हाचं एक क्रीम. हळदीचं विचारलं त हात जोडून म्हणे, "ताई, तोंडाले काहीच नाही. पायाले लावा, हाताले लावा, तिथं कातडी शाबूत आहे."

घरी आल्यावर वणीले फोन लावला. अमरच्या आईले सांगायचं ठरवलं होतं, पण फोन मथुराबाईनं उचलला. खरं सांगायचं राह्यलंच. म्हटलं पोरीच्या तोंडाले उन्हाची पुरळ आली, हळद जरा बेतानं लावू. तर म्हणे, "पुरळीले त हयदच दवा आहे. मी येतो ना, चांगली लिंबू टाकून चोळतो, दोन दिवसात तोंड आरशासारखं होते." मी 'बरं' म्हणून फोन ठेवला. मी बरं म्हटलं, कुंदा. पन्नास वर्षाची बाई आहे मी, गावातल्या भांडणात लोक मले बोलवायले येतात, अन् तिच्यासमोर माह्या तोंडून बरं निघालं.

आता ऐक. तू ये. एकोणतीसले सकाळच्या गाडीनं ये. तू सांगतलं त ते ऐकतीन, तू पार्लरवाली आहे, तुह्या भिंतीवर सर्टिफिकेट आहे. मी सांगतलं त म्हणतीन पोरीत खोट आहे म्हणून माय झाकून राह्यली. मागचं मनात ठेवू नको. मीही ठेवत नाही, म्हणजे ठेवते, पण लग्न झाल्यावर भांडू.

प्रेरणा जास्त बोलत नाही. काल विचारत होती, "आई, डाग राह्यला त?" मी म्हटलं राहत नाही. 

ताई


दिग्रस, ३० एप्रिल, बुधवार

कुंदा,

तू आली नाही. सोमवारी फुलचंदच्या हाती तुही चिठ्ठी आली, "मी आली त पोरगी पळवायले आली असं होईन, अन् पोरीचं लग्न माह्यामुळं मोडलं असं वणीवाले म्हणतीन. तू माय आहे, तू उभी राह्य." मी तेव्हा तुले दोन शिव्या देल्या. आता तेही लिहून टाकते, की तू बरोबर होती.

आज मुहूर्त होता. दारात मांडव आहे, कढया अजून मांडवातच आहेत, अन् लग्न नाही. हे पत्र प्रेरणाच्याच हातानं पाठवून राह्यली, म्हणून तिनं तुले अर्धं सांगतलंच असन. ते कमी बोलते, म्हणून मी पूर्ण लिहिते.

काल सकाळी वणीहून जीप आली, पाच बाया अन् मथुराबाई. पितळेच्या वाटीत उष्टी हळद, वरून झाकलेली. प्रेरणाले पाटावर बसवलं होतं, पिवळी साडी, तोंडावर ओढणी. मी आधीच ठरवलं होतं. वाटी मथुराबाईच्या हातातून मीच घेतली, "पहिला हात मायचा" म्हटलं, अन् पोरीच्या पायाले लावली. मग गुडघ्याले, मग दोन्ही हाताले कोपरापर्यंत. खूप लावली, कोणी म्हणू नये की कमी लावली. बायांची गाणी सुरू होती. मले वाटलं निभावलं.

मग मथुराबाई म्हणे, "तोंडाले नाही लागली त हयद लागली म्हणता येते काय?" अन् तिनं पिशवीतून पिठाची पुडी काढली, वाटीत टाकली, लिंबू पिळलं. कालवताना ते पीठ मले दिसलं, जाडं, माह्या घरच्यासारखंच. तिनं ओढणीखाली हात घातला अन् मी तिचं मनगट धरलं. घट्ट धरलं असन, बांगडी फुटली तिची. गाणं थांबलं.

"आत्याबाई, हात काढा," मी म्हटलं. "माह्या पोरीच्या तोंडाले कोणी हात लावणार नाही."

"काय लपवून राह्यले तुम्ही?"

मी काही म्हणायच्या आत प्रेरणानं स्वतःच ओढणी काढली. मांडवात ऊन येत होतं. एक गाल काळवंडलेला, अन् डाव्या गालावर खपली, सगळ्या बायाइनं पाह्यलं. मथुराबाई दोन पावलं मागं सरली. म्हणे, "बाप्पा, हे त भाजलं." मग मी सगळं सांगतलं, बाटली, पीठ, डॉक्टर, काहीच ठेवलं नाही. ते ऐकत होती का नाही माहीत नाही, तिनं फोन काढला होता.

तासाभरानं अमरच्या बापाचा फोन आला. लग्न दिवाळीपर्यंत पुढं ढकलू, तोवर तोंड बरं होऊ द्या. प्रेरणाचे बाबा "जी, जी" करत होते. मग अमरचा फोन प्रेरणाले आला. मी बाजूलेच होती, आवाज बाहेर येत होता. तो म्हणे फोटो पाठव. तिनं पाठवला. मग म्हणे, "दिवाळीपर्यंत जाईन ना डाग?"

"अन् नाही गेला त?" तिनं विचारलं.

तो नुसता 'म्हणजे, म्हणजे' करत राह्यला. पोरगा वाईट नाही कुंदा, मी अजूनही म्हणते, त्याले सुचलं नाही. पण हिनं थोडी वाट पाह्यली अन् म्हणे, "मग दिवाळीची वाट पाहू नका." अन् फोन माह्या हाती देला. मले वाटलं हिच्या एक ठेवून द्यावी. पोट्टीनं घाई केली असं मले आजही वाटते.  तिचे बाबा माह्यावर चिडले. म्हणे, "तुह्या हातानंच झालं हे सगळं." अन् वावरात गेले.

ते बोलले त्याच्यात खोटं काही नाही, पण त्याइले पूर्ण माहीत नाही. तुलेही नाही. प्रेरणाले माहीत आहे अन् तिनं कोणाले सांगतलं नाही, तुलेही सांगणार नाही, म्हणून मीच लिहिते.

सोमवारी दुपारी मी तिची वेणी घालत होती. डॉक्टरीण बाईनं सांगून दोन दिवस झाले होते, मले सगळं समजलं होतं, भिजवलेली तूर अन् जातं, मीच तुले लिहिलं होतं. तिच्या डाव्या गालाच्या खपलीचं एक टोक सुटून लोंबत होतं. मले ते पाहवत नव्हतं. घरात पाहुणे, उद्या हळद, अन् ते टोक. मी मनात म्हटलं हात लावायचा नाही. अन् कुंदा, माह्या हातानं ते ओढलं. पूर्ण निघालं नाही, अर्धं निघालं, अन् रक्त आलं.  तिनं माहा हात धरला अन् आपल्या मांडीवर ठेवला, लहान लेकराचा ठेवतात तसा, अन् वेणी स्वतःच घातली.

खड्डा पडन. बाईनं सांगतलंच होतं. फोडाचे डाग जातीन, बाटलीचं काळं जाईन, अन् तेवढा एक राहीन, माहा.

म्हणून पाठवून राह्यली. तू म्हटलं होतं तिचं मन तुह्याजवळ आहे, ते शब्द मी अजून माफ केले नाहीत, पण पोरगी ठेवून घे. कॉलेजात नाव घाल नाही त तुह्याकडचं काम शिकव, तिचं तिले ठरवू दे. मलम दोन वेळा, उन्हाचं क्रीम घरात असली तरी लावायचं, पिशवीत दोन्ही ठेवलं आहे. पायाची हळद अजून पिवळी आहे, ते धुवायची घाई करू नको, आपोआप जाईन. फुलचंदले सांगतलं आहे, थांब्यावर उतरवून तुह्या दारापर्यंत सोडन.

पंधरा दिवसांनी मी येईन. नको म्हटलं तरी येईन. मले चहा पाज, शिव्या दे, पण तिच्याजवळ बसू देऊ नको. मी आली की माह्यासमोर सुपात काहीतरी निवडायले ठेव, तूर असन त तूर ठेव. माहे हात मोकळे ठेवू नको.

तुही ताई,
विमल